घरचाच संकरित बोकड पैदाशीला ठेवावा का? तिघांतून एक निवडायचा आहे

दारव्ह्याचा बकरीवाला (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. सात एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी अन् तूर. पण घरात नगदी पैसा येतो तो बकऱ्यांतून. मटणासाठीच पाळतो, दुधाचं काही नाही. सध्या ३८ माद्या आहेत. त्यातल्या २२ आमच्या जुन्या, बेरारी (इकडची विदर्भातली जात) वळणाच्या, तांबूस रंगाच्या. बाकी १६ त्यांच्याच पाठी (तरण्या माद्या), पण बाप सिरोही, म्हणजे राजस्थानी जातीचा.

तो सिरोही बोकड मी २०२१ मध्ये २२,००० रुपयांना आणला होता. विकणाऱ्याने सांगितलेलं वय अन् तोंडातले दात काही जुळले नाहीत. पहिला पावसाळा त्याने खोकत अन् लंगडत काढला. पण पुढे तगला आणि पिल्लं मात्र एक नंबर दिली. निव्वळ बेरारीच्या पिल्लापेक्षा तीन महिन्याला दोन-अडीच किलो जास्तच भरायची. यंदा मार्चमध्ये त्याचा मागचा पाय गेला, विकून टाकला. मिरगापासून बकऱ्या माजावर येऊन राहिल्या आहेत आणि कळपात बोकड नाही. गावातले मोकाट बोकड हाकलता हाकलता जीव जातो. पुन्हा बाहेरून आणायची हिंमत होत नाही. परक्या जनावरासोबत कोणता रोग दारात येईल सांगता येत नाही, आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात रुळायला त्याला वर्ष लागते.

म्हणून घरचाच एक ठेवायचं म्हणतो. मागच्या वेताची १९ नर पिल्लं होती, त्यातली १६ बकरी ईदच्या आधी गेली. तीन राखली आहेत. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानेच सांगतो.

१७ नंबर: २ नोव्हेंबरचा, एकटाच जन्मला, जन्मवजन ३.१ किलो. १० फेब्रुवारीला १५.८ किलो, परवा ५ ऑगस्टला ३३.५ किलो. आईचं तिसरं वेत, ती दरवेळी एकच देते. लांब अंग, उंच, पाहणारा थबकतो. व्यापारी आताच १८,००० द्यायला तयार आहे.

२३ नंबर: २१ नोव्हेंबरचा, जुळ्यातला, २.२ किलोचा. १० फेब्रुवारीला ११.४, परवा २८ किलो. सोबतची बहीण जन्मताना २ किलो, फेब्रुवारीत १०.३. आईचं चौथं वेत, आतापर्यंत ७ पिल्लं, सातही जगली. दिसायला साधा.

३१ नंबर: २८ नोव्हेंबरचा, जुळ्यातला, २ किलोचा. फेब्रुवारीत ९.६, परवा २५. आई पहिलारू. हा बिनशिंगी आहे, अंगावर धावत नाही, घरच्यांना आवडतो.

माझं मन १७ वर आहे. पोराने त्याला रोज हाताने सरकीची ढेप चारून वाढवलं आहे. पण गावातले जुने लोक म्हणतात संकरित बोकड दुसऱ्या पिढीला उतरतो, त्याची पिल्लं त्याच्यासारखी निघत नाहीत. हे खरं आहे काय? आणि तिघांतला कोणता?

वहीवाली ताई (नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती)

भाऊ, आधी एक सांगते, वजनं लिहून ठेवली हे फार चांगलं केलं. मी ११ वर्षांपासून लिहिते. ताणकाट्याला खताचं रिकामं पोतं अडकवायचं, त्यात पिल्लू बसवायचं, आकडा वहीत. सुरुवातीला शेजारच्या बाया पाहायला यायच्या, आता बचत गटातल्या सहा जणी तसंच करतात.

पण तुमच्या आकड्यांत एक गोष्ट सुटली आहे. तिघांना तुम्ही एकाच दिवशी तोललं, ते एकाच दिवशी जन्मलेले नाहीत. १० फेब्रुवारीला १७ नंबर १०० दिवसांचा होता आणि २३ नंबर ८१ दिवसांचा. तब्बल १९ दिवसांचा फरक. हे असं मोडा: वजनातून जन्मवजन वजा करा, उरलेल्याला वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा, जन्मवजन परत मिळवा. १७ नंबर ९० दिवसांना १४.५ किलो येतो. २३ नंबर १२.४ येतो. डोळ्याला साडेचार किलोचा दिसणारा फरक दोन किलोवर आला.

आता हे दोन किलो कशाचे? १७ ने तीन महिने आईची पूर्ण कास एकट्याने प्यायली. २३ च्या वाट्याला अर्धी आली. त्याच्या बहिणीचं वजन याच रीतीने काढलं तर ११.२ होते. म्हणजे २३ च्या आईने ९० दिवसांत तुमच्या दावणीला २३.६ किलो पिल्लं उभी केली, आणि १७ च्या आईने १४.५. दोघींनी तोच पाला खाल्ला, त्याच पऱ्हाटीत चरल्या. तुम्ही मटण विकता भाऊ, मग कोणत्या बकरीने तुम्हाला जास्त विकायला दिलं ते बघा ना. माझ्या मते बोकड निवडताना पहिलं पान आईचं उघडावं.

दूध तुटल्यावरचं बघा, तिथे आईचा आधार संपतो आणि पिल्लू स्वतःच्या अंगावर वाढते. १० फेब्रुवारी ते ५ ऑगस्ट १७६ दिवस. १७ रोज १०० ग्रॅम वाढला, २३ रोज ९४ ग्रॅम. आणि १७ ला रोज हाताने ढेप होती, २३ ला बहुतेक नसेल. मग ते सहा ग्रॅम कुणाचे, १७ चे की ढेपेचे? मला तर ते ढेपेचेच वाटतात.

एक खटकलं ते बोलते, वाईट वाटून घेऊ नका. १६ नर न तोलता विकले. व्यापारी गोठ्यात आला की भराभर वाढलेलं पिल्लू आधी उचलतो. मी सुरुवातीची चार वर्षं हेच केलं, चांगली पिल्लं पैशाच्या नडीला विकली आणि उरलेल्यातून बोकड ठेवला. कळप वर्षागणिक बारीक होत गेला आणि मी दोष देत होते चाऱ्याला. आता ९० दिवसांचं वजन झाल्याशिवाय एकही नर मी दाराबाहेर जाऊ देत नाही. त्यातले वरचे चार-पाच निळ्या शाईने लिहिते, ते नऊ महिन्यांपर्यंत विकायचे नाहीत, घरात कितीही अडचण असो. मुलीच्या फीच्या वेळीसुद्धा मी दोन पाठी विकल्या, निळ्या शाईतला विकला नाही.

माझं मत २३.

जुना गवळाऊवाला (आर्वी, जि. वर्धा)

राम राम. ताईनं बरोबर सांगतलं. माह्या बापाजवळ गवळाऊचा कळप होता, पांढऱ्याशुभ्र गाई. वळू ठेवाचा असला का थो गोऱ्ह्याकडं मंग पाहे, आधी त्याची माय पाहे. किती वेतं झाली, वर्साआड गाभण राहते का नाई, पान्हा चोरते का, उन्हाळ्यात कुटारावर टिकते का. गोऱ्हा कितीबी देखणा असला अन् माय मध्ये एक वरीस भाकड राहिली असली, तर थो खच्ची करून नांगराले. आता गाई राहिल्या चार, पण ६० बकऱ्या हायेत, त्याईले मी तोच नेम लावतो.

पण मले वेगळंच इचाराचं हाये. ३१ नंबरची माय पहिलारू म्हणता. तुमच्या तरण्या पाठी तर साऱ्या त्या सिरोहीच्याच पोरी. मंग ३१ चा बाप कोन? कळपात दुसरा बोकड नव्हता, म्हणजे बापच आज्या झाला. थो बोकड अजिबात ठेवू नका. ठेवला अन् पुन्हा याच पाठीईवर सोडला, तर रक्त पार गोठून जाईन.

हे मी पुस्तकातून नाई सांगत. २००९ पासून सलग चार वर्सं मी एकच घरचा बोकड चालवला. लय गुणी होता, म्हणून सोडवेना. त्याच्या पोरी त्यालेच गाभण राहिल्या. पयल्या वर्सी काई दिसलं नाई. मंग पिलं बारीक जनू लागली, जुळी कमी झाली, तीन पिलांचा खालचा जबडा आखूड निघाला, त्याईले पालाच तोडता येये ना. पावसाळ्यात जे मराले लागली ते मराले लागली. जनावर तेच, चारा तोच, रान तेच. चूक माही होती, अन् थे समजाले चार वर्सं लागली. आता मी दर दोन वर्सांनी बोकड बदलतो, इकत घेत नाई, दुसऱ्या गावच्या मानसासंग अदलाबदल करतो. त्याच्या घरचा मले, माह्या घरचा त्याले. दोघंबी एकमेकांचा गोठा पाहून येतो, कोनाची बकरी गाभडली, कोनाकडं खोकला हाये, सारं इचारून.

अन् बिनशिंगी म्हणता. तुमच्या माद्याईत बिनशिंग्या किती? बोकडबी बिनशिंगी अन् बकरीबी बिनशिंगी असली तर पिलांत ना नर ना मादी असं निघते. माह्याकडं दोन निघाली. पाठ म्हणून राखली, दोन वर्सं माजावरच आली नाई. दाक्तरनं पाह्यलं तवा समजलं. शिंगवाला बोकड ठेवा.

निवृत्त पशुवैद्यक (वाशिम)

वरच्या दोघांनी माझं काम बरंच हलकं केलं. मूळ प्रश्न संकराच्या दुसऱ्या पिढीचा होता, तो सांगतो, कारण त्यावर गावोगाव अर्धवट ऐकीव बोललं जातं.

सिरोही बाप आणि बेरारी आई, दोन्ही वेगळ्या रक्ताचे. त्यांच्या पहिल्या पिढीत आईबापांच्या सरासरीपेक्षा वरचढ वाढ आणि तग धरण्याची ताकद दिसते, त्याला आपण संकराचा जोम म्हणतो. हा जोम जोडीचा असतो. प्रत्येक पिल्लाला एक भाग बापाकडून आणि दुसरा, वेगळ्या जातीचा भाग आईकडून मिळाला म्हणून तो आला. पहिल्या पिढीचा बोकड हीच जोडी पुढे देऊ शकत नाही, त्यातला एकच भाग देतो, कधी सिरोहीचा, कधी बेरारीचा. त्यामुळे हा बोकड बेरारी बकरीवर वापरला काय किंवा त्याच्यासारख्याच संकरित पाठीवर वापरला काय, सरासरीने अर्धा जोम उरतो. पिल्लंही एकसारखी निघत नाहीत, एक बापावर, एक आजीवर. गावातले लोक ‘उतरतो’ म्हणतात ते यालाच. ते निरीक्षण खरं आहे.

पण म्हणून घरचा संकरित बोकड टाकाऊ ठरत नाही. जोम अर्धा होतो, गुण नाही. वाढीचा वेग बऱ्यापैकी वंशाने उतरतो, आणि तो तुम्ही वजनकाट्यावर निवडू शकता. जुळ्यांचा गुण मात्र वंशाने थोडाच उतरतो, म्हणून एका वेतावरून ठरवू नये. २३ च्या आईने चार वेतांत सात पिल्लं जगवली, हा पुरावा म्हणून मला पुरतो. शिवाय बाहेरून आणलेल्या बोकडाबद्दल तुम्हाला काय माहीत असतं? घरच्या बोकडाची आई, आजी, त्याने सोसलेला उन्हाळा आणि कळपातले आजार सगळं तुमच्या डोळ्यांसमोरचं आहे. ही माहिती पैशाने मिळत नाही.

आता नात्याचा प्रश्न, तो सगळ्यात अवघड आहे. १७ आणि २३ दोघेही सिरोहीचे, आणि १६ पाठीही सिरोहीच्याच. म्हणजे बाप एक, आया वेगळ्या. त्यांच्या पिल्लांत साडेबारा टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातल्या जोडीचा दोष) येईल. ३१ मध्ये ते आताच पंचवीस टक्के आहे, कारण त्याचे आईबाप बाप-लेकच आहेत. म्हणून २३ ठेवलात तरी तो फक्त २२ जुन्या बकऱ्यांसाठी, त्यातूनही त्याची आई वगळून. १६ पाठींना दुसरा, नात्यात नसलेला बोकड लागेलच. तो तिसऱ्या जातीचा, समजा उस्मानाबादी, मिळाला तर त्या पिल्लांत संकराचा जोम पुन्हा पूर्ण येतो, आणि संकरित पाठी आई म्हणूनही चांगल्या ठरतात. अमरावतीजवळ पोहऱ्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथे पैदाशीच्या नरांची चौकशी करा. अदलाबदलीचा मार्गही उत्तम.

एकत्र चरायला सोडत असाल तर वेगळे गट जमत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग बोकड घरी बांधा, माजावरची बकरी संध्याकाळी त्याच्याकडे न्या, बारा तासांनी पुन्हा एकदा. तारीख लिहा, त्यापुढे १५० दिवस धरा. बकऱ्या एकाच आठवड्यात माजावर येत नाहीत म्हणून जमेल, पण साडेआठ महिन्यांचा २३ अजून कोवळा आहे. या हंगामात १२ ते १५ च्या वर नको. पूर्ण वाढीच्या बोकडाला २५ ते ३० चालतात.

निवड पक्की करण्याआधी त्याला आडवा पाडून नीट तपासा. दोन्ही अंड सारख्या आकाराची, टणक, खाली उतरलेली हवीत, बोटांना गाठ लागता कामा नये. टेपने घेर मोजा, तिघांचाही. सारख्या वयाच्या बोकडांत ज्याचा घेर जास्त त्याचं वीर्य जास्त, आणि त्याच्या पाठी साधारणपणे लवकर माजावर येतात. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का बघा. बोकडालाही सड असतात, ते दोनच असावेत, जादा सड लेकींत उतरतात. खुरं आणि मागचे पाय दोनदा बघा, तुमचा सिरोही पायानेच गेला आहे. रक्ताची ‘रोज बेंगाल’ नावाची चाचणी करून घ्या, ती ब्रुसेल्ला या गर्भ पाडणाऱ्या रोगाची. हा रोग बोकडाकडून कळपात फिरतो, गाभडलेल्या बकरीची वार हाताळताना माणसालाही होतो. बदलीत येणाऱ्या बोकडाचीही हीच चाचणी, वर तीन आठवडे वेगळं बांधणं. पीपीआरची (बकऱ्यांच्या जीवघेण्या साथीची) लस झाली आहे का तेही विचारा.

शेवटचं सरकीच्या ढेपेबद्दल, आपल्या भागात हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या जनावराच्या पोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, पण कोवळ्या वयात आणि जास्त प्रमाणात ढेप गेली तर नराच्या वीर्यावर परिणाम होतो. विक्रीच्या बोकडाला त्याने फरक पडत नाही, पैदाशीच्या बोकडाला पडतो. २३ ला आता मुलाने ढेप सुरू करू नये. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार, सुबाभूळ, बोरीचा पाला, मूठभर मका पुरे. उन्हाळ्यात सावली आणि पाणी मात्र तोडू नका. वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, मेच्या उन्हाचा फटका जुलैपर्यंत दिसतो आणि आपण दोष बकरीला देतो.

दारव्ह्याचा बकरीवाला

तिघांचेही मनापासून आभार. ३१ बद्दल काकांनी पकडलं ते वाचून मी वही काढली. खरंच त्याची आई २०२३ च्या वेतातली, सिरोहीचीच पोर. रोज डोळ्यासमोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो अन् त्याची बहीण दोन्ही विकायचे ठरले. बिनशिंग्या बकऱ्या मोजल्या, पाच निघाल्या.

काल तिघांना पाडून तपासलं. घेर १७ चा २१ सेंटिमीटर, २३ चा २३. त्याहून मोठा मुद्दा, १७ चा मागचा डावा खूर बाहेर फेकतो. उभा असताना दिसत नाही, चालवला की दिसतो. बापाचाही तोच पाय गेला होता. तालुक्याच्या दवाखान्यात तिघांचं रक्त दिलं आहे.

१७ ला ईदपर्यंत ठेवून विकतो. पोरगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. त्याला ताईंचा ९० दिवसांचा हिशोब करायला लावला, पाटीवर स्वतः केला त्याने, मग म्हणाला २३ ची आई भारी आहे बाबा. आता जन्मवजनाची वही त्याच्याकडे दिली आहे.

आता अडचण १६ पाठींची. पोहऱ्याला जाऊन येणार आहेच. पण कोणाकडे नात्याबाहेरचा, शिंगवाला, जुळ्यातला, आईची नोंद असलेला बोकड असेल तर बदलीत पुढच्या वेतातला माझा सगळ्यात चांगला नर देईन. यावेळी सगळे तोलून.

वहीवाली ताई

भाऊ, माझ्याकडे निळ्या शाईतला एक आहे. उस्मानाबादी बाप, आई माझ्या घरची बेरारी, पाच वेतांत १० पिल्लं, ९ जगली. एक वर्ष पूर्ण झालं, पुढचे दोन पक्के दात आता फुटत आहेत. पीपीआरची लस झाली आहे, रक्ताची चाचणी या आठवड्यात करून घेते. तुम्ही आधी येऊन त्याची आई बघा, कास बघा, मग ठरवा. मला बदलीत आत्ता काही नको, पण २३ च्या आईचा पुढच्या वेतातला नर माझ्या नावाने लिहून ठेवा. तुमच्या-माझ्या मध्ये नेर पडते, तिथपर्यंत मी त्याला टेम्पोत घालून आणू शकते.